भाऊंच्या गाडीचं तेल

भाऊ, तेल बदललं.

खरं तर बदलण्याआधी तुम्हाला सांगायचं होतं. "यंदा तू ठरव, कंचं घालायचं ते," असं तुम्ही म्हणालात आणि मी म्हटलं, "दोन दिवस द्या, नीट बघून सांगते." ते दोन दिवस तुम्ही दिले नाहीत. सुनेला एवढा मोठा प्रश्न विचारायचा आणि उत्तर न ऐकताच उठून चालू लागायचं, ही काय पद्धत झाली? अंगणात माणसं जमली होती, आई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मी येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत होते आणि माझ्या डोक्यात मात्र वीस-पन्नास की पंधरा-चाळीस, हेच चाललं होतं. सासरा गेलाय आणि ही बाई तेलाचे नंबर मोजतेय. माझी मलाच लाज वाटली. तुम्हाला नसती वाटली. तुम्ही उलट विचारलं असतंत, मग काय ठरलं?

तेच सांगायला बसलेय. आज आम्ही तारापूरला, आईंच्या माहेरी आलोय. तुमची गाडी समोर मामांच्या अंगणात आंब्याखाली उभी आहे आणि मी ओट्यावरून दर थोड्या वेळाने तिच्याखाली डोकावून बघतेय, जमिनीवर थेंब पडलाय का ते.

तुमची ती लाल, दोन माणसांची, बिनछपराची विलायती गाडी. माझ्यापेक्षा वयाने मोठी. गाव तिला भाऊंचं विमान म्हणायचं. केळव्याच्या एका बंगल्यात ती ताडपत्रीखाली सडत पडली होती, मालक देश सोडून निघाला, आणि त्याच्या झाडांची निगा राखणाऱ्या तुम्हाला म्हणाला, नेतोस तर ने, नाहीतर भंगारवाल्याला देतो. तुम्ही बैल जुंपून ती एडवणला आणलीत. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की कुठल्या वळणावर कुठला बैल अडला तेही सांगेन. दरवेळी अडणारा बैल वेगळा असायचा, पण तुम्हाला ते दाखवून देण्याची हिंमत आमच्यात नव्हती.

लग्न होऊन मी या घरात आले त्या वर्षीचं आठवतं? वाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही गाडीखाली आडवे झाला होतात. मी चहा घेऊन आले होते. इंजिनाच्या पोटातला बोल्ट काढला होता आणि काळं तेल परातीत पडत होतं. धार अजून चालू होती, तरी तुम्ही बोल्ट परत आवळायला घेतलात.

"भाऊ, अजून येतंय की."

"येऊ दे. तेवढं ठेवायचं."

"का?"

"विरजण." गाडीखालून तुमचा आवाज आला. "दही लावताना थोडं जुनं घालतेस ना? तसंच हाय हे. जुनं थोडं आत असलं म्हंजी इंजिनाला नवं तेल वळखू येतं."

दिवसभर तेलंच बघणारी बाई मी. तारापूरच्या एमआयडीसीत तेलाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये काचेच्या बारीक नळीतून तेल किती वेळात खाली येतं ते मोजायचं, त्यावरून ते किती दाट ते लिहायचं, त्यात कुठला धातू, कुठलं पाणी, कुठली घाण आहे ते शोधायचं, हे माझं काम. घाण तेल थोडंसं आत ठेवून वर नवं ओततात, हे मला आमच्या लॅबमध्ये कोणी सांगितलं असतं तर मी त्याला दारातून हाकललं असतं. पण तुम्ही सासरे, लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. मी म्हटलं, "चहा गार होतोय."

पुढे मात्र मी काही गप्प बसले नाही. तुम्हीच तोंड उघडायला लावलंत. "काय मॅडम, तुमची लॅब काय म्हणते?" असं रोज संध्याकाळी विचारायचात, आणि लॅब काय म्हणते ते मी सांगितलं की, "लॅबला वाडीतलं काय कळतं?" म्हणायचात. तुमची सगळी विद्या वाडीच्या पाण्याच्या इंजिनावर झालेली. त्या इंजिनाचं तेल कधी कोणी पूर्ण काढलंच नव्हतं, कमी झालं की वर ओतायचं, बस. तेच तुम्ही विलायती गाडीला लावलंत. आणि गाडीही अशी लबाड, की चालत राहिली. माझ्या शिक्षणाचा याहून मोठा अपमान कोणी केला नाही.

एकदा जेवताना मी तुम्हाला झिंक समजावत होते. जुन्या इंजिनात आतले काही भाग एकमेकांवर घासत चालतात, त्यांना तेलातलं झिंक सांभाळतं. नव्या गाड्यांच्या धुराड्यातल्या यंत्रणेला तेच झिंक बाधतं, म्हणून हल्लीच्या तेलात ते कमी केलंय. "तुमच्या डब्यावरचं नाव तेच आहे, रंग तोच आहे, पण आतलं तेल आता नव्या गाड्यांसाठी आहे, भाऊ."

तुम्ही भात कालवायचे थांबलात. "केळीला झिंक कमी पडलं तर पान कसं येतं, म्हाईत हाय?"

"नाही."

"अरुंद येतं. टोकदार. म्हंजी इंजिनाला अरुंद पान आलंय, असं सरळ सांग की. उगाच धुराडं नि यंत्रणा काय सांगतेस!"

दुसऱ्या दिवशी तुम्ही पालघरच्या दुकानात जाऊन डबा उलटासुलटा करत विचारलंत, यात झिंक हाय काय? तो दुकानदार म्हणाला, "भाऊ, तेल हाय हे, खत नाय." हे तुम्ही घरी येऊन स्वतःच सांगितलंत आणि ठसका लागेपर्यंत हसलात. मुरबे गावातल्या तुमच्या बोटवाल्या मित्राने मग सुचवलं, आमच्या बोटीचं घाला, डिझेल इंजिनाच्या तेलात झिंक भरपूर असतं. तो काही चुकीचं बोलत नव्हता. पण तुम्ही म्हणालात, "बोटीचं तेल घालून काय गाडी समुद्रात न्यायची?" आणि पुन्हा तोच जुना डबा, तेच विरजण. वाद मिटला नाही तो नाहीच. आई वैतागून म्हणायच्या, "तुमी दोगं तेलावर बोलत बसा, फोडणीचं तेल जळालं तिकडं."

म्हणूनच यंदा तू ठरव म्हणालात तेव्हा मला आनंद व्हायच्या आधी धडकी भरली.

आपलं घर तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे वस्तू बिघडली की आधी ती शेवटी वापरली कोणी याची चौकशी होते, दुरुस्ती मागाहून. मिक्सर जळाला तेव्हा आईंनी शेवटचं खोबरं वाटलं होतं असं निघालं, आणि अजूनही पाहुण्यांसमोर मिक्सरचा विषय निघाला की त्या सांगतात, मूठभरच होतं हो. पाण्याची मोटर जळाली तेव्हा गड्याची काय झाडाझडती झाली! आणि या चौकश्यांचे मुख्य साहेब तुम्ही होतात, भाऊ, रागावू नका. मिक्सर नवा येतो. तुमचं विमान गेलं तर ते कुठून आणायचं? मला एवढंच दिसत होतं की आजवर तुम्ही चालू ठेवलेलं इंजिन माझ्या हातून जाणार, आणि मी मरेपर्यंत ते मीच बिघडवलेलं असणार. दोन दिवस मी त्यासाठी मागितले होते. तेल बघायला मला दोन तास पुरले असते, बाकीचा वेळ धीर गोळा करायला हवा होता.

तेराव्यानंतर मामा आईंना न्यायला आले. माहेरच्यांनी यायचं, बाईला घराबाहेर काढायचं, एक रात्र आपल्याकडे ठेवून गोड खाऊ घालायचं आणि परत पोचवायचं, की दुखवटा सुटला. मामांनी त्यासाठी मोठी गाडी आणली होती. आई पदर सारखा करत बाहेर आल्या, मोठ्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू जा पुढं. मी दोन दिवसांनी यांच्या गाडीतनं येते."

तुम्ही आयुष्यभर बस बस म्हणून मागे लागायचात, आणि आई म्हणायच्या, उघड्या गाडीत बसून गावभर मिरवायला मी काय लग्नातली करवली हाय? त्या आता हे बोलत होत्या.

तुमचा हर्षल म्हणाला, "आई, ती गाडी पंधरा दिवस उभी आहे. आणि लोक काय म्हणतील?"

"बोलू देत. एरवी काय गप बसतात?"

"चालवणार कोण?"

आईंनी माझ्याकडे बोट केलं. हर्षलला तर चालवताच येत नाही, त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागतात. तुम्ही मला एडवणच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर शिकवलीत, आणि तुमच्या मुलाने त्याचा कधी हेवा केला नाही, हे त्याचं कौतुक. पण त्या संध्याकाळी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तेल बदलूनच ने. सगळ्यात भारीतलं घाल, पातळ असतं ते, सिंथेटिक. आणि वृषाली, जपून. भाऊंची गाडी आहे, काही झालं तर..." पुढचं वाक्य त्याने पुरं केलं नाही. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीतीच होती. मलाच ते धमकीसारखं ऐकू आलं.

मी इंजिनातलं जुनं तेल थोडं काढून खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीतून लॅबमध्ये नेलं. दाटपणा कमी झाला होता, ते अपेक्षितच होतं. मग धातू बघितले. तेलात बेअरिंगचा धातू होता, आणि बराच होता. बेअरिंग म्हणजे इंजिनातला फिरता दांडा ज्या कड्यांत बसतो, ती कडी. ती झिजत होती. भाऊ, तुमचं इंजिन आधीच थकलं होतं.

आता हे कोणाला सांगायचं? घरी जाऊन सांगितलं असतं की इंजिन मुळातच झिजलंय, तर त्याचा अर्थ काय झाला असता? भाऊंना गाडी सांभाळता आली नाही, असं तुम्ही गेल्यावर महिन्याभरात सून बोलते. आणि उद्या बंद पडलीच तर आधीपासून सबब तयार ठेवली होती, असंही. मी बाटली घरी आणली, शेडमध्ये फळीवर ठेवली आणि कोणाला काही बोलले नाही. रात्री झोप येईना. तुम्ही असतात तर तुमच्यापुढे ती बाटली आपटली असती आणि म्हटलं असतं, हे बघा तुमचं विरजण.

मग तेल ठरवायला बसले. हर्षलचं भारीतलं पातळ तेल मी आधी बाद केलं. झिजलेल्या कड्यात फट वाढलेली असते, पातळ तेल तिथून पळून जातं, दाब धरत नाही, आणि तुमच्या गाडीच्या सांध्यांतल्या जुन्या गास्केटमधून गळलंही असतं. बोटीचं तेल मी खूप वेळ हातात धरून बसले होते. झिंक चांगलं, पण गरम झाल्यावर पन्नासऐवजी चाळीसवर येणारं, म्हणजे जास्त पातळ होणारं, आणि इतकं धुणारं, की आत साठलेली सगळी काजळी एकदम सुटून तेलाच्या वाटेत अडकली तर? इंटरनेटवर बघितलं तर तिथे आपल्या जेवणाच्या पाटावरचाच वाद, फक्त माणसं अनोळखी. एक म्हणतो घाला, दुसरा म्हणतो घातलंत की संपलं. शेवटी जुन्या इंजिनांसाठीचं, झिंक जास्त असलेलं वीस-पन्नास निवडलं. म्हणजे नंबर तुमचाच, आतला माल माझा. डबा फोडून आधी लॅबमध्ये स्वतः तपासला, तरी विश्वास बसेना, पुन्हा तपासला. सोबतची मुलगी म्हणाली, मॅडम, एवढं तर आपण विमानाच्या तेलालाही बघणार नाही. मी म्हटलं, विमानाचंच आहे.

आणि विरजण ठेवलं नाही. हे तुम्हाला स्पष्ट सांगते. बोल्ट काढला आणि धार संपून थेंब झाले, थेंबही थांबले, तोवर अख्खी दुपार परात तिथेच राहू दिली. एकदा उठून बोल्ट हातात घेतला होता, थोडं ठेवावं म्हणून. तुमच्यासाठी. पण त्या तेलात झिजलेला धातू होता, भाऊ. तो ठेवून मला झोप लागली नसती. तसं बघायला गेलं तर किती निथळलं तरी इंजिनाच्या बारीक वाटांमध्ये जुनं थोडं राहतंच, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही वाडीभर सांगत सुटला असतात की लॅबनेच विरजणाला मान्यता दिली.

आज सकाळी लवकर निघालो. किल्ली फिरवताना माझं लक्ष एकाच ठिकाणी, तेलाचा दाब दाखवणाऱ्या सुईवर. सुई वर गेली, मस्त वर, आणि मी गिअर टाकला. आई काळ्या चष्म्यात बसल्या होत्या. तुमचा चष्मा. डोक्यावरून पदर, त्यावर मफलर. नाक्यावरच्या बायकांनी बघून घेतलं आणि आईंनी त्यांना बघू दिलं. केळवे गेलं, माहीम गेलं. वारा होता, रस्ता मोकळा होता, इंजिन एका सुरात चाललं होतं, आणि मध्येच मला वाटलं, आपण उगाच एवढे घाबरलो. मला शिकवताना तुम्ही बसायचात त्या जागी बसून आई पाय लांब करून म्हणाल्या, "बरं वाटतं गं. उगाच नाय म्हणत बसले."

पालघर सोडलं आणि पुढे बोईसरच्या नाक्यावर टँकरच टँकर. एक वळवताना अडकला होता, मागे पुढे रांग. ऊन चढलेलं. एक हात पुढे जायचं आणि थांबायचं. इंजिन तापलं तशी सुई खाली यायला लागली. तेल तापलं की पातळ होतं, दाब उतरतो, हे माझ्याइतकं कोणाला कळतं? किती डिग्रीला किती उतरतं ते मी तोंडपाठ सांगेन. पण ते नळीतलं तेल. इथे तुमचं इंजिन होतं, आणि सुई मला नको होती तिथवर आली होती, आणि बोनेटखालून टक टक असा बारीक आवाज येतोय असं मला वाटायला लागलं. येत होता की भीतीने ऐकू येत होता, देव जाणे. मी किल्ली बंद केली.

मागच्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. शेजारच्या टँकरच्या खिडकीतून ड्रायव्हर ओणवा झाला. "मॅडम, बंद पड गयी क्या? धक्का मारू?"

"नहीं, मैंने बंद की है," मी म्हटलं. तो बुचकळ्यात पडून आत गेला.

मी सुईकडेच बघत होते, इंजिन बंद असताना. आई म्हणाल्या, "हे सुईकडं बघत बसायचं तेंचंच लक्षण."

"कोणाचं?"

"कोणाचं म्हंजी? यांचं. दिवाळीपासनं तेच. काचेवर टिचकी मारायचे. मी इचारलं, काय झालं? तर म्हणाले, इंजिन थकलंय, जास्ती दिवस काढायचं नाय."

भाऊ, दिवाळीपासून तुम्ही गाडी फक्त पहाटे काढायचात. मला वाटायचं, वयामुळे ऊन सोसत नसेल.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू घाबरशील म्हणून. मी भांडले तेंच्याशी. म्हटलं, थकलंय तर पोरीला कशाला ठरवायला लावता? उद्या बंद पडलं तर सगळं तिच्या माथी. तर म्हणाले, गाडी पुढं तीच सांभाळणार हाय, तिची भीती मोडली पायजे. आणि म्हणाले," आईंनी चष्मा काढला, "म्हणाले, म्हणून तर यंदाच ठरवू दे. मी हाय तोवर बिगडलं तर मी सांगेन सगळ्यांना, माज्या सांगण्यावरनं घातलं. मागनं तिच्या बाजूनं कोण बोलणार?"

मी बोईसरच्या भर नाक्यावर, टँकरच्या धुरात, स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी इतकी रडले नव्हते. त्या दिवशी पाहुण्यांना पाणी देत होते. मला वाटत होतं की तुम्ही मला परीक्षेला बसवलंत आणि निकाल न लावता गेलात. तुम्ही तर माझ्यासाठी आधीच खोटं बोलायची तयारी करून बसला होतात. ज्या माणसाने मिक्सरच्या मूठभर खोबऱ्याचा हिशोब सोडला नाही, तो आपलं विमान माझ्या हातून मोडू द्यायला तयार होता, आणि वर ते स्वतःच्या अंगावर घेणार होता. भाऊ, याचे आभार मी कसे मानू? समोर असतात तरी मला जमलं नसतं. मी म्हटलं असतं, चहा गार होतोय.

"रड मागनं," आई म्हणाल्या. "रांग हलली. चालू कर."

"आई, बंद पडली तर?"

"पडली तर पडली. चालू कर."

चालू केली. सुई थोडी वर आली, पुन्हा उतरली, आणि मी तिच्याकडे न बघता टँकरच्या मागोमाग निघाले. न बघता म्हणजे कमी बघत. तारापूरचा रस्ता लागला, वारा लागला, तशी सुई सावरली. मामांच्या अंगणात आंब्याखाली गाडी उभी केली आणि बंद करण्याआधी कान देऊन ऐकलं. टकटक होती. अगदी बारीक, पण होती. माझ्या कानांचा भास नव्हता. उद्या याच इंजिनावर परत जायचं आहे, आणि ते पोचवेल की नाही हे मला लॅबही सांगणार नाही.

मामींनी पुरणपोळी वाढली. आईंनी पहिला घास घेतला आणि एवढ्यात हर्षलचा फोन आला. पोचलात का, आई कशी आहे, आणि मग, "गाडीचं काय?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "थोडी टकटक येतेय," मी म्हटलं. "बोईसरला दाबही उतरला होता."

त्याचा आवाज चढला. "म्हणजे? येत नव्हती ना आधी? तू मी सांगितलेलं तेल घातलंस ना? वृषाली? कुठलं घातलंस तू?"

पुरणाचा हात तसाच पुढे करून आईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मी सांगितलं तिला कंचं घालायचं ते," त्या म्हणाल्या. "काय बोलायचं ते मला बोल."

पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

"हो, मला कळतं तेलातलं. एवढी वर्षं काय फक्त भाकऱ्या भाजल्या मी? ठेव आता, जेवतोय आमी."

फोन त्यांनी ताटाशेजारी पालथा ठेवला, पोळीचा तुकडा मोडला, मामा-मामी आत गेल्याचं बघितलं आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "आता मला सांग तरी, कंचं घातलंस?"